‘द लास्ट वेव्ह’ समजून घेताना: सिडनीचा पाऊस, एक मृत्यू आणि दोन कायदे

पीटर वीअर या ऑस्ट्रेलियन दिग्दर्शकाचा ‘द लास्ट वेव्ह’ १९७७ साली आला. आजही तो पाहून झाल्यावर बहुतेकांच्या तोंडी पहिला प्रश्न एकच असतो: शेवटी लाट खरंच आली का? त्यावर ‘ज्याने त्याने ठरवावं’ असं म्हणून विषय मिटवला जातो, चित्रपटावर ‘गूढ’ असा शिक्का बसतो आणि त्यात जे सांगितलंय ते तसंच राहून जातं. मला हे पटत नाही. हा चित्रपट गूढ आहे, पण अगम्य नाही. लाटेच्या टोकाने गाठ सोडवायला गेलं की ती आणखी आवळते. त्यातल्या खटल्याच्या टोकाने सुरुवात केली तर बरीचशी सुटते. त्यासाठी ऑस्ट्रेलियाच्या मूळ रहिवाशांबद्दल, म्हणजे ॲबोरिजिनल लोकांबद्दल, चार गोष्टी ठाऊक असाव्या लागतात. त्या चित्रपट सांगत बसत नाही.

पुढे शेवटही सांगणार आहे. चित्रपट कोरा पाहायचा असेल तर आधी पाहून घ्या.

## गोष्ट काय आहे?

वाळवंटालगतच्या एका गावात लख्ख उन्हात ढगांचा गडगडाट होतो. आकाशात ढगाचा पत्ता नाही. मग पाऊस येतो आणि पाठोपाठ एवढ्या मोठ्या गारा, की शाळेच्या खिडकीची काच फुटते आणि मूल रक्तबंबाळ होतं. तिकडे सिडनीत पाऊस थांबायचं नाव घेत नाही.

त्या पावसात डेव्हिड बर्टन नावाचा वकील भेटतो. रिचर्ड चेंबरलेन यांनी ही भूमिका केली आहे. कंपन्यांच्या करांची प्रकरणं हाताळणारा, बायको, दोन मुली आणि चांगलं घर असलेला हा माणूस. एका रात्री पबबाहेर बिली नावाचा ॲबोरिजिनल तरुण मरतो. त्याच्याच बरोबरच्या तरुणांवर आरोप ठेवला जातो आणि गरीब आरोपींसाठीच्या कायदेशीर मदतीतून हे काम डेव्हिडकडे येतं. फौजदारी खटल्यांचा त्याला सराव नाही. घोळ असा, की शवविच्छेदनात मृत्यूचं ठोस कारणच सापडत नाही. फुप्फुसात थोडं पाणी, एवढंच. प्रेक्षकांना मात्र एक गोष्ट दिसलेली असते. बिलीने काही पवित्र वस्तू पळवल्या होत्या, आणि मोटारीत बसलेल्या चार्ली नावाच्या वयस्क माणसाने त्याच्यावर एक हाड रोखलं होतं.

आरोपींपैकी एक आहे क्रिस. डेव्हिडला तो भेटतो, पण त्याआधीच स्वप्नात येऊन गेलेला असतो, हातात खुणा कोरलेला दगड घेऊन. तिथून डेव्हिडचं नीटनेटकं आयुष्य पाझरायला लागतं, अगदी शब्दशः. घरात जिन्यावरून पाणी वाहत येतं. वर जाऊन बघावं तर बाथटब भरून वाहतोय. गाडीतल्या रेडिओतून पाणी ठिबकतं. रस्त्यावर काळा पाऊस पडतो. वीअर यांनी भीतीसाठी राक्षस वापरला नाही, रक्तपात वापरला नाही. घरातल्या गळतीने माणूस जसा हळूहळू अस्वस्थ होतो, तेवढ्यावर त्यांनी अख्खा चित्रपट तोलून धरला आहे. रसेल बॉइड यांच्या कॅमेऱ्याने भर दिवसाही या शहराला पाण्याखालचा उजेड दिला आहे.

## ‘ड्रीमिंग’ म्हणजे झोपेतली स्वप्नं नव्हेत

चित्रपटातला सगळ्यात मोठा गैरसमज इथून सुरू होतो. ‘ड्रीमिंग’ हे इंग्रजी नाव ॲबोरिजिनल श्रद्धांना मानववंशशास्त्रज्ञांच्या लिखाणातून चिकटलं. इंग्रज आले तेव्हा त्या खंडावर अडीचशेच्या वर भाषा बोलल्या जात होत्या आणि प्रत्येक समाजाचं आपापलं नाव, आपापल्या कथा होत्या. तरी समान धागा असा: पूर्वजशक्ती या भूमीवरून हिंडल्या आणि त्यांच्या हिंडण्यातून नद्या, टेकड्या, पाणवठे, प्राणी, माणसं घडली. हे ‘एकदा होऊन गेलं’ असं मानत नाहीत. ते आजही चालू आहे. त्या शक्ती त्या त्या जागी आहेतच, आणि विधी, गाणं, चित्र यांतून माणूस त्यांच्याशी जोडलेला राहतो.

घडवताना त्या शक्तींनी नियमही घालून दिले. कोणी कोणाशी लग्न करायचं, कुठल्या जागी कोणी पाय ठेवायचा, कुठली कथा कोणी ऐकायची, कुठली वस्तू कोणी पाहायची. या सगळ्याला मिळून ते लोक ‘लॉ’, म्हणजे कायदा म्हणतात. तो माणसांनी बसून केलेला नाही, म्हणून माणसांना तो बसून बदलताही येत नाही. कोकणातली देवराई आठवा. तिथली वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही हा नियम कुठल्या सरकारी फलकावर असो नसो, गावातल्या माणसाचा हात आपोआप मागे येतो. नियम त्या जागेचा आहे, आणि तो मोडणाऱ्याचं काय होतं हे सांगायला पोलीस लागत नाही. अख्खी भूमीच अशा जागांनी विणलेली आहे असं समजलं, की ॲबोरिजिनल कायद्याची थोडीफार कल्पना येते.

डेव्हिडला पडणारी रात्रीची स्वप्नं आणि हे ‘ड्रीमिंग’ यांची चित्रपटात थोडी सरमिसळ होते. ॲबोरिजिनल समाजांत स्वप्नांनाही महत्त्व आहे, स्वप्नातून संदेश येतो असं अनेक ठिकाणी मानतात. पण म्हणून ‘त्यांचा धर्म म्हणजे स्वप्नं’ असा अर्थ घेऊ नये.

## हाड रोखलं आणि माणूस मेला, हे कसं मानायचं?

हाड रोखण्याची शिक्षा पटकथाकारांनी घरी बसून रचलेली नाही. मध्य आणि उत्तर ऑस्ट्रेलियातल्या अनेक समाजांत तिच्या नोंदी आहेत. कायद्याचा गंभीर भंग केलेल्या माणसाकडे अधिकारी व्यक्तीने विधिपूर्वक हाड रोखायचं. ते अंगाला लागत नाही. तरीही माणूस खंगत जातो आणि मरतो.

वॉल्टर कॅनन या अमेरिकी शरीरशास्त्रज्ञाने १९४२ साली अशा मृत्यूंवर एक गाजलेला लेख लिहिला. ऑस्ट्रेलियातली उदाहरणंही त्यात होती. त्यांचं म्हणणं असं: आपण मरणार याबद्दल माणसाला तिळमात्र शंका नसते. आजूबाजूचे लोकही त्याला मेलेलाच धरतात, दूर होतात. अन्नपाणी सुटतं. टोकाची भीती शरीराला सतत ताणून धरते आणि शेवटी रक्तदाब ढासळतो. कॅनन यांच्या स्पष्टीकरणातल्या तपशिलांवर पुढे वाद झाले. पण भीतीने शरीरावर खरेखुरे आघात होतात, ही त्यांची मुख्य गोष्ट टिकून आहे.

चित्रपटाच्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच, की डेव्हिडच्या कायद्याला ‘शस्त्र दाखवा, जखम दाखवा’ एवढंच विचारता येतं. चार्लीच्या कायद्यात न्यायनिवाडा झाला, शिक्षा झाली, प्रकरण संपलं.

## मग खटला नेमका कशावर अडतो?

डेव्हिडला सुचलेला बचाव असा: हा नेहमीचा खून नव्हे, टोळीच्या कायद्याने दिलेली शिक्षा आहे, आणि कोर्टाने तसं पाहावं. त्याचा सहकारी वकील त्याला वेड्यात काढतो. सिडनीत टोळीने राहणारे लोक उरलेलेच नाहीत, शहरातले ॲबोरिजिनल आपले परंपरा तुटलेले गरीब लोक, असं त्याचं मत. आणि हे मत तो सहानुभूतीने मांडतो, हे विशेष.

या वादाला खरा इतिहास आहे, आणि तो माहीत नसेल तर कोर्टातले प्रसंग निव्वळ भरतीचे वाटतात. १८३६ साली सिडनीतच एक खटला उभा राहिला होता. जॅक काँगो मरेल या ॲबोरिजिनल माणसावर दुसऱ्या ॲबोरिजिनल माणसाच्या खुनाचा आरोप होता. आमच्या आपसातल्या भांडणाला आमचा कायदा आहे, तुमचा लागू होत नाही, असा बचाव त्याच्या वतीने मांडला गेला. न्यू साउथ वेल्सच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. त्यानंतर जूरीने मरेलला निर्दोष सोडलं, पण इंग्रजी कायदाच सगळ्यांना लागू हे तत्त्व पक्कं झालं. तो निर्णय लिहिणाऱ्या न्यायमूर्तींचं आडनाव होतं बर्टन. चित्रपटातल्या वकिलाचंही तेच. योगायोग असेलही, पण मला तो विसरता येत नाही.

उत्तरेकडच्या गोव्ह द्वीपकल्पावरच्या योल्ङू लोकांनी बॉक्साइट खाणीविरुद्ध दावा लावला होता. त्याचा निकाल १९७१ मध्ये लागला. न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी मान्य केलं की या लोकांची सुघटित कायदाव्यवस्था आहे. आणि तरीही निकाल दिला, की त्यातून जमिनीवर मालकी हक्क सिद्ध होत नाही. कायदा आहे, पण चालत नाही! त्यानंतर फेब्रुवारी १९७७ मध्ये, म्हणजे ‘द लास्ट वेव्ह’ आला त्याच वर्षी, ऑस्ट्रेलियाच्या विधी सुधारणा आयोगाकडे प्रश्न सोपवला गेला, की ॲबोरिजिनल पारंपरिक कायद्याला देशाच्या न्यायव्यवस्थेत मान्यता द्यावी का. अहवाल यायला १९८६ उजाडलं आणि त्यातल्या बऱ्याचशा शिफारशी कागदावरच राहिल्या.

तेव्हा डेव्हिडचा बचाव हा काही हवेतला तर्क नव्हता, देशासमोर तो प्रश्न खरोखर टांगलेला होता. यात क्रिसची कोंडी सगळ्यांत अवघड. कोर्टात खरं सांगितलं तर तो सुटू शकेल, पण सांगणं म्हणजे गुपित फोडणं, म्हणजे बिलीने केला तोच गुन्हा करणं. ज्या कायद्याच्या आधारे वकील त्याला वाचवू पाहतोय, तोच कायदा त्याला तोंड उघडू देत नाही.

## चार्ली आणि क्रिस कोण होते?

हे दोन नट ओळखल्याशिवाय पुढे जाता येत नाही. चार्ली झालेले नांदजिवारा अमागुला हे ग्रूट आयलंड या बेटावरच्या समाजाचे प्रत्यक्षातले ज्येष्ठ नेते. पडद्यावर ते फार थोडं बोलतात. क्रिस आणि चार्ली डेव्हिडच्या घरी जेवायला येतात तो प्रसंग पाहा. वकिलाला आपल्या स्वप्नाचा उलगडा हवा आहे. चार्लीला त्याच्या हुद्द्याशी काही देणंघेणं नाही. तो घरातले जुने फोटो पाहतो आणि विचारपूस करतो ती पूर्वजांची: तू कोणाचा, तुझी माणसं कुठून आली? पुढे एकदा तो डेव्हिडला ‘तू कोण आहेस?’ हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत राहतो, आवाज न चढवता. उलटतपासणी वकिलाने करायची, इथे वकिलाचीच होते. आणि करांचा मोठा अभ्यास असलेल्या या माणसाकडे त्या प्रश्नाला उत्तर नसतं.

क्रिसचं काम केलं डेव्हिड गुलपिलिल यांनी. उत्तर ऑस्ट्रेलियातल्या आर्नहेम लँडमधल्या योल्ङू समाजातला हा नर्तक १९७१ च्या ‘वॉकअबाउट’मधून जगापुढे आला. २०१४ साली ‘चार्लीज कंट्री’साठी त्यांना कान महोत्सवात ‘अं सर्तें रगार’ (Un Certain Regard) विभागाचा सर्वोत्तम अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये ते गेले, तेव्हा घरच्यांच्या इच्छेनुसार बातम्यांत काही काळ त्यांचा उल्लेख वेगळ्या नावाने केला गेला, कारण मृत माणसाचं नाव लगेच उच्चारायचं नाही अशी रीत आहे. देशभरातल्या वृत्तसंस्थांनी ती पाळली. चित्रपटात जो कायदा सिडनीतल्या वकिलांना संपलेला वाटतो, तो असा जिवंत होता.

## सिडनीखाली पवित्र जागा? हे तर अशक्यच ना?

शेवटाकडे क्रिस डेव्हिडला शहराच्या गटारांतून खाली एका गुप्त पवित्र जागी नेतो. तिथल्या भिंतींवर चित्रांतून मागच्या आणि येणाऱ्या संकटांचा आलेख आहे, आणि डेव्हिडच्याच चेहऱ्याचा एक मुखवटा आहे. ही जागा काल्पनिक आहे. पण कल्पनेखालची जमीन खरी आहे.

सिडनी शहर गॅडिगल लोकांच्या भूमीवर वसलं. सिडनीत राहणाऱ्या मराठी मंडळींनी शाळेच्या किंवा सरकारी कार्यक्रमाच्या सुरुवातीला या भूमीच्या पारंपरिक रखवालदारांचं स्मरण केलेलं ऐकलं असेल. शहराच्या मध्यभागी ते नाव गॅडिगलांचं असतं. २६ जानेवारी १७८८ ला इंग्रजांचा ताफा तिथे उतरला तो एका गोड्या पाण्याच्या ओढ्यापाशी. दुष्काळात पाणी साठवायला त्याच्या काठच्या खडकात टाकी खोदली, म्हणून त्याला टँक स्ट्रीम नाव पडलं. काही दशकांत तो इतका घाण झाला की पिण्यासाठी निरुपयोगी ठरला. मग त्याचं गटार झालं, मग तो झाकून टाकला. आजही तो सिडनीच्या उंच इमारतींच्या पायाखालून बोगद्यातून वाहतो. वसाहतीच्या सुरुवातीच्या इमारतींना चुना हवा होता. तो मिळवला किनाऱ्यावर साचलेले शिंपल्यांचे ढीग जाळून. ॲबोरिजिनल लोकांच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या जेवणांतून ते ढीग उभे राहिले होते. शहराच्या आसपास खडकांवर त्यांनी कोरलेल्या देवमाशांच्या, कांगारूंच्या, माणसांच्या आकृती आजही दिसतात. त्या शहराखाली काहीतरी दडलंय ही कल्पना तिथल्या माणसाला अंगावर येते ती त्यामुळे.

## जगाचा अंत म्हणजे आपल्याकडचा प्रलयच की!

मराठी प्रेक्षकाला हे हमखास वाटणार. पाणी वाढतंय, जुनं जग बुडणार, मग नवं सुरू होणार. चित्रपटातली मानववंशशास्त्रज्ञ बाईसुद्धा असंच काहीसं चक्र समजावून सांगते.

इथे सावध राहायला हवं. जगाच्या अंताची तारीखवार भाकितं हा सर्वसाधारणपणे ॲबोरिजिनल विचाराचा भाग नाही. पूर्वजशक्ती भूमी धरून आहेत, माणसांनी विधी करत राहायचं, म्हणजे जग चालत राहतं, असा तिकडचा भाव. युगान्ताची चौकट वीअर आणि त्यांच्या सहलेखकांनी बाहेरून आणली आहे. वीअर यांनी या चित्रपटाचं मूळही ऑस्ट्रेलियाबाहेरचं सांगितलं आहे. ट्युनिशियातले रोमन अवशेष पाहताना आपल्याला काहीतरी सापडणार असं त्यांना आतून वाटलं, आणि खरंच दगडात कोरलेलं एका मुलाचं डोकं सापडलं. असा अनुभव एखाद्या तर्कनिष्ठ वकिलाला आला तर, या विचारातून पुढची कथा वाढली.

समुद्र जमीन गिळतो ही आठवण मात्र अस्सल आहे. हिमयुगाच्या ऐन भरात, सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा साधारण १२० मीटर खाली होती. आजचं सिडनी बंदर म्हणजे बुडालेली नदीची दरीच. पॅट्रिक नन आणि निकोलस रीड या संशोधकांनी ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरच्या २१ ठिकाणच्या अशा ॲबोरिजिनल कथा एकत्र केल्या, ज्यांत समुद्र आत आल्याचं आणि पूर्वी तिथे जमीन असल्याचं सांगितलं आहे. त्या आठवणी ७,००० वर्षांहून जुन्या असाव्यात असा त्यांचा निष्कर्ष आहे. तोंडी परंपरा इतकी टिकते का, यावर अभ्यासक वाद घालतात. माझ्यापुरतं मला नन आणि रीड यांचं म्हणणं पटतं, कारण एकाच किनाऱ्यावरची एखादी कथा योगायोग म्हणता येईल, चहूकडच्या किनाऱ्यांवर तेच सांगितलं जात असेल तर नाही.

## तर मग लाट आली की नाही?

शेवटी डेव्हिड गटाराच्या तोंडातून समुद्रकिनाऱ्यावर बाहेर पडतो. दगड, मुखवटा, पुरावा, सगळं मागे राहिलेलं. तो गुडघे टेकतो, वर पाहतो, आणि पडदाभर पाणी उसळतं. ते त्याच्यासमोर आहे की त्याच्या डोळ्यांआड, हे दाखवलेलं नाही.

माझं वाचन असं. लाट कधी येणार याची भीती डेव्हिडला आहे, चार्लीला नाही. चार्लीच्या लोकांच्या जगाचा अंत येऊन गेला आहे. १७८८ मध्ये जहाजं आली. १७८९ मध्ये सिडनीच्या परिसरात देवीची साथ आली आणि राज्यपाल फिलिप यांच्या अंदाजाने तिथले निम्मे ॲबोरिजिनल लोक त्यात गेले. प्रेतं उचलायला माणसं उरली नव्हती. समुद्रावरून आलेल्या संकटात जग बुडणं म्हणजे काय, हे त्या शहरातल्या एका समाजाला १८८ वर्षं ठाऊक होतं. १९७७ च्या पावसात ती जाणीव पहिल्यांदा एका गोऱ्या, सुखवस्तू माणसापर्यंत पोचते. तो भविष्य पाहतोय असं त्याला वाटतं. त्याच्या शहराचा भूतकाळच त्याच्यावर येऊन आदळतोय, असं मला वाटतं. म्हणून त्या शेवटच्या दृश्यात हवामानखात्याचा पुरावा शोधण्यात अर्थ नाही.

## पण सगळं पुन्हा गोऱ्या माणसाभोवतीच का फिरतं?

हा आक्षेप खरा आहे आणि मला तो खोडायचा नाही. बिली मरतो, तुरुंगाची टांगती तलवार क्रिसवर आहे, आणि कॅमेरा वकिलाच्या झोपमोडीवर. त्यावर कडी म्हणजे ॲबोरिजिनल श्रद्धेतला महत्त्वाचा आत्माही याच गोऱ्या माणसात शोधला जातो. चार्लीचं घर, चार्लीची मुलंबाळं आपल्याला दिसतच नाहीत. ॲबोरिजिनल बायका तर जवळपास नाहीतच. निरनिराळ्या समाजांच्या गोष्टी एकत्र शिवून त्यांना सिडनीचं नाव दिलंय, हाही दोषच.

तरी त्या काळात ॲबोरिजिनल माणूस ऑस्ट्रेलियन पडद्यावर बहुधा वाटाड्या, नोकर किंवा दारुडा म्हणून यायचा. इथे तो ज्ञान आणि अधिकार घेऊन येतो, आणि ते ज्ञान कोणाला द्यायचं हे तो स्वतः ठरवतो. जमिनीवरच्या मूळ हक्काला देशाच्या उच्च न्यायालयाने (तिथलं सर्वांत वरचं न्यायालय) मान्यता दिली ती १९९२ च्या माबो निकालात, म्हणजे या चित्रपटानंतर १५ वर्षांनी.

चार्लीच्या बाजूने गोष्ट ऐकायची असेल तर ‘द लास्ट वेव्ह’नंतर २००६ चा ‘टेन कॅनूज’ पाहावा. गुलपिलिल यांनी दिग्दर्शक रॉल्फ डी हीर यांना एक जुना फोटो दाखवला, १९३० च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ डोनाल्ड थॉमसन यांनी काढलेला: दलदलीच्या पाण्यात झाडाच्या सालीच्या दहा होड्या. त्यातून तो चित्रपट उभा राहिला. दिग्दर्शनात डी हीर यांच्या जोडीला त्याच भागातले पीटर जिगिर होते, निवेदन गुलपिलिल यांचं, पात्रांचे संवाद ॲबोरिजिनल भाषांमध्ये. त्यातही एक माणूस मारला जातो आणि कायद्याने शिक्षा होते, पण ती का आणि कशी, हे समजावून सांगायला मध्ये कोणी वकील लागत नाही.